चार फुटी मशीन

कापडावर फोटो छापायचं मशीन घ्यायला हेमांगी सासऱ्यांसोबत, नानांसोबत, जळगावला आली होती. दोन फुटी घ्यावं की चार फुटी, ते ठरेना. पैसा नानांच्या कापसाचा. नानांनी नमुना छापायला खांद्यावरचा सुती रुमाल पुढे केला.

दुकानदार हसला. "या मशीनचा रंग पॉलिस्टरवरच बसतो, नाना. सुतीवर टिकत नाही."

"कापूसना पैसा चालस, नि कापूस चालत नही?" नाना तडक बाहेर गेले.

आता कसलं मशीन, म्हणत हेमांगीही उठली. तेवढ्यात नाना परतले. मोबाइलवर बोंडांनी पांढरं झालेलं त्यांचं अख्खं शेत होतं.

"आपला दारना पॉलिस्टर पडदावर हाई छाप. मशीन चार फुटनं ले."

"चार कशाला, नाना?"

"दोन फुटमा मन्हं बठ्ठं वावर मावस का?"