तुडमापासून चाळीस पावलं

जेसीबीचा दात गाळात घुसला तसा ईश्वरदास दोन पावलं पुढे सरकला. तलाव तळाला गेला होता. आटलेल्या भागातला गाळ ज्याला हवा त्याने शेतात नेऊन टाकावा, असं गावाने ठरवलं होतं आणि सकाळपासून ट्रॅक्टरांची रांग लागली होती. कुठून काढायचं ते मात्र ईश्वरदासला विचारून. तो गावचा पाणकर. कोणाच्या धानाच्या बांधीला कधी पाणी सोडायचं, हे चाळीस वर्षं तोच ठरवत आलेला.

दोन दिवस त्याने मशीन पार वरच्या टोकाला लावून ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याचा पुतण्या हिमांशु आला. गाळ काढायचं काम त्याच्याकडे होतं. तो म्हणाला, खरा गाळ तुडमापाशी आहे. तलावाचं पाणी सोडायचं ते दारच बुजलं तर तलाव भरून करायचं काय?

बरोबरच होतं ते. दर वर्षी हीच कुरकुर ईश्वरदास स्वतः करायचा.

"तठी हात नको लावू," तो म्हणाला. "तलावाची पाळ खचन."

"काका, पाळ वीस हात दूर हाये."

"नको म्हटलं ना."

ट्रॅक्टरवाले एकमेकांकडे बघून हसले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणाले. पाणकरानेच तुडूम साफ करू नका म्हणावं, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

तुडमापासून मावळतीकडे चाळीस पावलं, जांभळीच्या रेषेत. तिथे गोवर्धन होता. धुरपताबाईचा भाऊ, ईश्वरदासचा साळा.

चौतीस वर्षं झाली. असाच उन्हाळा, असाच कोरडा तलाव, भर दुपार. त्या काळी ईश्वरदासचा हात फार लवकर सुटायचा. गोवर्धन चार दिवसांसाठी बहिणीकडे आला होता आणि बहिणीवरूनच काहीतरी बोलला. ईश्वरदासच्या हातात कुदळीचा दांडा होता. एकच बसला. गोवर्धन पडला तो हललाच नाही. ईश्वरदासच्या तोंडचं पाणी पळालं. पाठोपाठ आलेली धुरपताबाई म्हणाली, तुमी घरी जा, मी पाहून घेईन.

तो दाराला कडी लावून बसून राहिला. दिवस बुडता बुडता ती परत आली तेव्हा गुडघ्यांपर्यंत चिखलाने भरली होती. जागा तिने सांगितली आणि विषय संपवला. गोवर्धनच्या पायाला भिंगरी, आज बालाघाट तर उद्या आणखी कुठे. त्याला शोधत कोणी आलं नाही.

खड्डा ईश्वरदासने पाहिला नव्हता, पण तेव्हापासून तो रोज पाहत होता. कमरेइतका खोल, काळी भुसभुशीत माती, दुमडलेला एक हात. मातीचं पहिलं ढेकूळ छातीवर पडल्याचा आवाजसुद्धा त्याला ऐकू यायचा. तलाव तुडुंब असला की त्याला झोप लागायची. पाणी उतरू लागलं की लोकांना धानाची काळजी, याला त्या चाळीस पावलांची. दारू त्याच आठवड्यात सुटली. गावाने त्याला देवमाणूस करून टाकलं, आणि हा मनातून थरथर कापायचा.

हिमांशुने ऐकलं नाही. मशीन तुडमाकडे वळलं. पळून जावं असं ईश्वरदासला वाटलं. सत्तरीत हातात बेड्या पडणार, सगळं गाव बघणार. तरी तो जांभळीखालीच उभा राहिला. एक बकेट निघाली, दुसरी निघाली. काळा गाळ, शिंपल्या, कमळाची मुळं. चाळीस पावलांवर पुरुषभर खड्डा झाला. मग त्याच्या चारी बाजूंनी उकरलं. संध्याकाळपर्यंत खाली मुरूम लागला.

काहीच निघालं नाही.

"पाहा काका, पाळ हालली का?" हिमांशुने विचारलं.

ईश्वरदासचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण आता त्याला जास्तच भीती वाटू लागली. जो खड्डा त्याने चौतीस वर्षं डोळ्यांसमोर पाहिला तो तिथे नव्हता. मग गोवर्धन होता कुठे? घरी पोचेपर्यंत त्याने चार वेळा मागे वळून पाहिलं.

धुरपताबाई अंगणात लाखोरीची डाळ पाखडत होती. तो समोर बसला आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं.

"निघणारच नाई," ती म्हणाली. सूप थांबलं नाही.

"कोठी पुरलं मंग त्याले?"

"पुरलंच नाई. तोंडावर पाणी मारलं तं उठून बसला. डोस्क्याले पट्टी बांधली, सडकेवर नेला, कोहमाऱ्याले जाणाऱ्या जीपमधी बसवून देला. इकडं परत येऊ नको म्हटलं. रायपूरले राहते. औंदा पोरीचं लगन झालं त्याच्या."

"रोज मरत होतो मी," ईश्वरदास म्हणाला. "काऊन नाई सांगतलं?"

धुरपताबाईने सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं.

"त्या दिवसापासून तुमी मले मारलं नाई."