पिंकीच्या बाबाची सुतारकी

"पाह्य, कशी झाली!" म्हणून देवीदासनं घडीच्या खाटेवरचा हात काढला, आणि खाट एका अंगावर कलली.

अन्नपूर्णानं तोंडावर पदर घेतला. "झकास झाली," ती म्हणाली. पिंकी आणि लोकेश बापाच्या पाठीमागे फिदीफिदी हसत होते. त्यांच्यावर तिनं डोळे वटारले.

दर हिवाळ्यात हे असंच चालायचं. थंडी पडली, की गोंदियाच्या शाळेतला हा बाबू मुर्री गावातल्या आपल्या अंगणात फळ्या न् बांबू पसरून बसायचा. नाताळच्या सुट्टीत पोरांना नवेगावबांधच्या तलावाकाठी तंबूत राहायला न्यायचं, आणि तिथं लागणारं सारं आपल्या हातानं बनवायचं, ही त्याची हौस. हौसेला मोल नाही हे खरं, पण हाताला काही वळण नको का? पहिल्या हिवाळ्यात केलेल्या पेटीचं झाकण बसेना. दुसऱ्या हिवाळ्यात तंबूचे खांब केले, तर एक खांब दुसऱ्याचं तोंड पाहायला तयार नाही. आणि आता ही खाट.

तरी असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं अन्नपूर्णाला मनापासून वाटे. आळीतले बाप सुट्ट्या पत्ते कुटण्यात घालवत. हा पोरांसाठी अंगठे ठेचून घेई. त्याला कोणी हसलेलं तिला खपत नसे. गावातला सुतार बोलावला असता तर सांजेपर्यंत मुर्रीभर झालं असतं. म्हणून पेटीच्या वेळीच तिनं जीव मुठीत धरून तिरोड्याला भावाला फोन लावला होता.

तिचा थोरला भाऊ केवलराम. नावाजलेला सुतार, आणि तितकाच नावाजलेला हट्टी. पेटीच्या दोन वर्षं आधी देवीदासच्या बहिणीच्या लग्नात पाहुण्यांना मानाचा टोपी-दुपट्टा देताना गडबडीत त्याचं नाव राहून गेलं. झालं! भर मांडवातून उठला. "या घरचं पानी पिईन तर नावाचा केवलराम नाही!" देवीदास माफी मागायला तिरोड्याला गेला, तर फाटकावरूनच परत पाठवला. त्यानंतर दर भाऊबीजेला अन्नपूर्णाचं ओवाळणीचं ताट तसंच राही. एकुलता एक भाऊ, आणि तास-दीड तासाच्या वाटेवर असून नसल्यासारखा. ती कोपऱ्यात जाऊन रडे.

"झाकण पोराईच्या बोटावर पडंल दादा," असं फोनवर ऐकल्यावर मात्र त्याला राहवलं नाही. देवीदास शाळेत असताना आला. सोबत पाण्याची बाटली स्वतःची! झाकण बसवलं, भाच्यांच्या डोक्यावर हात ठेवला, गेला. खांबांच्या वेळी चहा घेतला. "चहा म्हंजे काही पानी नव्हे," असं वरून बजावलं.

आज देवीदास शाळेत गेल्यावर तो खाटेसाठी आला होता, आणि अन्नपूर्णानं पुढं केलेली भाकर कुठलीही सबब न सांगता खाऊन बसला होता. तिनं ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. खाटेच्या पायावर त्याचा रंधा फिरत होता, तेवढ्यात फाटक वाजलं. देवीदास!

"तुमी कायले आले एवढ्या लवकर?" ती खाटेच्या आड येऊन उभी राहिली.

"शाळा लवकर सुटली." देवीदासनं सायकल भिंतीला लावली. "रामराम, केवलभाऊ."

"रामराम, जवाई." केवलरामनं रंधा पाठीमागे लपवला. एवढा दांडगा माणूस, पण चेहरा झाडावरचे जांब चोरताना सापडलेल्या पोरासारखा. "मी आपला... खाट पाहून राहिलो होतो."

"मीच बनवली. कशी आहे?"

केवलरामनं बहिणीकडे पाहिलं. तिनं हात जोडले नाहीत एवढंच.

"एक नंबर," तो म्हणाला.

देवीदासची छाती फुगली. "मंग चाला ना तुमी आमच्या संगं नवेगावले. तुमचं वैर आमच्या घराशी. तंबू काही घर नव्हे."

अन्नपूर्णानं भावाकडे पाहिलं. आता हा बिघडला, की पुन्हा उंबरा चढायचा नाही. केवलरामनं मिशी चोळली. मग म्हणाला, "हे बाकी खरं. तंबू काही घर नव्हे."

नवेगावबांधला पोरांनी मामाला क्षणभर सोडलं नाही. दुपारी देवीदासनं चुलीवर भात न् वांग्याची भाजी केली. केवलराम दोनदा मागून जेवला आणि तलावाचं नाही, देवीदासच्या हातचं तांब्याभर पाणी प्याला. अन्नपूर्णा ताटात मान घालून जेवत राहिली, डोळे दिसू नयेत म्हणून.

जेवणं झाल्यावर मामा-भाचे पाखरं पाहायला तलावाच्या बांधावर, पाळीवर गेले. तेवढ्यात वारा सुटला, आणि तंबूचा मधला खांब कडकन मोडला.

"दादाले बोलावते," अन्नपूर्णा उठली.

"राहू दे. त्याईले खेळू दे पोराईसंगं."

देवीदासनं कोयता उचलला. मोडलेल्या दोन्ही टोकांना चार-चार घावांत खाच पाडली, एकात दुसरं बसवलं, पाचर ठोकली. मान वर न करता. खांब सरळ उभा राहिला. अन्नपूर्णानं सांध्यावरून बोट फिरवलं. बोटाला कुठं सांधा लागलाच नाही.

ती त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली.

पाळीवरून केवलरामचा आवाज आला, "जवाई! संक्रांतीले येतो मी तुमच्या घरी! जेवाले!"

"या, या!" देवीदास ओरडला. मग कोयता पुसत हळूच बायकोला म्हणाला, "चला! म्हंजे पुढच्या हिवाळ्यात मले काही बिघडवाचं काम नाही."