घरी पाठवणारी गोळी

डोक्यातल्या गाठीमुळे सगुणची वाचा गेली, तशी डिचोलीच्या घरात पाहुण्यांची रीघ लागली. प्रत्येकाच्या हातात अमृतवेलीच्या काढ्याची बाटली, तोंडात प्रतिकारशक्ती. “ती वाढव गो, गाठ आपसूक विरघळेल,” मामेसासरे म्हणाले. सगुणच्या बायकोने, चंद्रावतीने, डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा ऐकवलं: शरीराचे शिपाई गाठीवर धावून गेलेत, पण गाठीने त्यांना फितवलंय. ते लढत नाहीत, नुसती गर्दी करून सूज वाढवतात. ही गोळी त्यांना घरी पाठवते. सूज ओसरली की हे बोलतील. “गोळीने प्रतिकारशक्ती मरते,” थोरल्या नणंदेने बजावलं आणि आणखी चहा मागितला. चंद्रावतीने गोळी दिलीच. रविवारी सगळे खाटेभोवती चहात उंडे पाव बुडवत सल्ले देत असताना सगुणचे ओठ हलले. चंद्रावती किटली ठेवून धावली. त्याने एकेकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “ह्यांका पण,” तो अडखळत म्हणाला, “एकेक गोळी दी गो.”