शेवटचं रक्त

“बठ्ठं रक्त काढणार?” मंजुळाने विचारलं.

“हो, सगळंच. थोड्याने भागणार नाही,” रूपचंद म्हणाला.

“मग तो जगायचा नाही.”

“नाही.”

मंजुळा मागच्या पडवीत गेली आणि पिंजऱ्यातल्या पांढऱ्या सशापुढे मेथीच्या काड्या टाकून आली.

रूपचंद जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. पेशीतली जनुकं चालू-बंद करणारं एक प्रथिन असतं, दोन तुकड्यांचं. त्यातला एक तुकडा पेशीत नेमका कुठे आहे हे दाखवणारं प्रतिद्रव्य, म्हणजे अँटीबॉडी, त्याला हवं होतं. परदेशातून मागवलेली बाटली एप्रिलच्या उन्हाने वाटेतच खराब झाली. पुण्याचे मार्गदर्शक म्हणाले, “विषय बदला.” त्याने बदलला नाही. प्रतिद्रव्य घरीच तयार करायचं ठरवून त्याने तो तुकडा सशाला टोचला, पुन्हा पुन्हा टोचला, म्हणजे त्याच्या रक्तात ते तयार होईल. कॉलेजात प्राणी ठेवायची सोय नव्हती, म्हणून ससा घरी. त्याचं खाणंपिणं बायकोकडे, मंजुळाकडे.

टोचण्याआधी त्याने सशाच्या कानातून थोडं रक्त घेऊन तपासलं होतं. तेव्हा ते लावलेल्या काचपट्टीवरच्या पेशी कोऱ्या राहिल्या, रंग चढला नाही. आता रंग चढला, तर तो टोचल्यामुळेच चढणार होता.

दोन दिवसांनी सकाळी पिंजरा उचलताना तो घुटमळला. “तुझा जीव जडलाय त्याच्यावर. पण माझा इलाज नाही.”

“न्या,” मंजुळा म्हणाली. “तुमचं काम अडायला नको.”

त्या आठवड्यात सशाचं रक्त पेशींना लावून त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तेव्हा प्रत्येक पेशीचं केंद्रक गडद तपकिरी दिसलं. त्याने खुर्ची ओढून पुन्हा एकदा पाहिलं. मग पुण्याला फोन लावला. सरांनी सगळं दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाले, “पेपर पाठवा.”

पुढच्या वर्षी पेपर छापून आला. त्याला पीएच.डी. मिळाली. बाहेरच्या प्रयोगशाळा त्याच्याकडे ते प्रतिद्रव्य मागू लागल्या. एकीने ते वापरून रुग्णांच्या गाठी तपासायलाही घेतल्या.

पदवी घेऊन आला त्या संध्याकाळी तो पडवीत बसला होता. मंजुळाने चहा आणून दिला.

“हे सगळं त्या सशामुळे,” तो म्हणाला. “त्याचा जीव घेतला, ते अजून मनातून जात नाही.”

मंजुळा त्याच्याजवळ टेकली.

“आता सगळं मार्गी लागलंय, म्हणून सांगते. रागावू नका,” ती म्हणाली. “तुम्ही नेला तो मी एरंडोलच्या बाजारातून आणला होता. टोचलेला ससा पारोळ्याला माझ्या आईकडे मजेत आहे.”