वेलीचे अक्षर

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या जुळारीकाकांच्या मुलीची लग्नपत्रिका, जुळवलेली पण न छापलेली, फळीवर सुताने बांधून तशीच पडून होती. शिशाच्या खिळ्यांवर धूळ बसली होती. केवळ मुलीच्या नावाचे शेवटचे अक्षर नवे असल्यामुळे धुळीतूनही चकाकत होते. त्या अक्षराच्या जुन्या खिळ्यावरची नक्षीची वेल तुटकी निघाली, म्हणून नवा येईपर्यंत काकांनीच छपाई थोपवून धरली होती. नवा खिळा आला आणि त्याच आठवड्यात मुलगी तापाने गेली. त्या गोष्टीस आज दीड महिना लोटला होता.

मालकांच्या टेबलासमोर एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या भाचीचे लग्न ठरले होते.

"नाव ह्याच अक्षरात हवं," नमुन्यांच्या वहीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "बघा ना, प्रत्येक काना कसा पाय रोवून उभा आहे, आणि पायाला वेल! बाकीची अक्षरं म्हणजे नुसती दुकानाची पाटी. सगळी पत्रिकाच ह्यात करा की."

"सगळी नको," मालक म्हणाले. "आमचे काका म्हणतात, हे अक्षर म्हणजे विहीणबाई. दारात मिरवू द्यावं, कामाला लावू नये. चार ओळी वाचल्या की डोळे दुखतात. नावं तेवढी ह्यात घेऊ, पत्ता आणि वेळ साध्या अक्षरात."

बाई खळखळून हसल्या. खिळ्यांच्या खणांपाशी बसलेल्या काकांनी मान वर केली नाही.

वेलीचे खिळे एका वेळी एकाच पत्रिकेस पुरतील इतके होते, हे बाईंना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या गेल्यावर मालक फळीपाशी येऊन उभे राहिले.

"काका, ही मोकळी करावी लागेल. मी करू का?"

"तुम्ही? तुम्ही खिळे भलत्याच खणात टाकाल, आणि मी जन्मभर निस्तरत बसेन."

"मग आधी एक प्रत तरी काढू. मी शाई लावतो."

"नको, मालक. पत्रिका छापली की कुणाला तरी द्यावी लागते. कुणाला देऊ?"

मालक बाहेर गेले.

काकांनी सूत सोडले. प्रथम तारीख मोडली, नंतर पत्ता, नंतर स्वतःचे नाव. तीस वर्षांच्या सवयीने बोटे न पाहताच ज्याचा खिळा त्याच्या खणात टाकीत होती. मुलीच्या नावापाशी बोटे थांबली. नाव तीनच अक्षरांचे होते. काकांनी तिन्ही खिळे जोडलेलेच चिमटीत उचलले, डाव्या तळहातावर पालथे टेकवले आणि अंगातले सगळे बळ लावून दाबून धरले. मग एकेक करून तेही खणात टाकले.

"झालं?" मालकांनी दारातून विचारले.

"झालं. एक प्रत काढून घेतली."

मालकांनी यंत्राकडे पाहिले. शाईचा रूळ कोरडा होता.

काकांनी तळहात पुढे केला. खिळ्यावर उलटे असणारे नाव तेथे सुलटे उमटले होते, पायांसकट, वेलींसकट. शेवटच्या अक्षराची वेल सर्वांत खोल.

"लवकर वाचा, मालक," काका म्हणाले.