तिसऱ्या दिवशीची तक्रार

आमच्या सान मारिनोत दोन राष्ट्रप्रमुख असतात, तेही सहा महिन्यांपुरते. खुर्चीवरून उतरले, की तीन दिवस कुणीही त्यांच्याविरुद्ध तक्रार करू शकतं. बेकरीवाला देलियो उतरला आणि धास्तीने दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी कचेरी बंद होता होता शेजारच्या इल्देमावशीने तक्रार दिलीच.

देलियो धावत तिच्या दारात. "मावशी, राज्य वाईट चालवलं का गं मी?"

"राज्याचं काय, ते तुझ्याआधीही चालतच होतं. पण सहा महिने तुझ्या मेहुण्याने भाजलेला पाव खाऊन माझे उरलेले दोन दात गेले, मेल्या!"

"मग शिक्षा काय मागितलीस?"

"जन्मठेप. भट्टीपुढे."

देलियोने तिचे दोन्ही गाल चुंबले आणि गुन्हा कबूल केला.