अंगणातली पाटी

आईच्या अंगणात आपल्याच नावाची पाटी पाहून हार्लन विकमने गाडी मागे घेतली. त्याला वाटलं, घर चुकलं.

चुकलं नव्हतं. हिरवळीत रोवलेल्या पाटीवर हत्तीच्या पक्षाची खूण होती, आणि खाली अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाला उभ्या असलेल्या हार्लनचं नाव. त्याची आई वर्नाबाई तर जन्माच्या गाढवाच्या पक्षाच्या. मुलगा चार वेळा सिनेटवर निवडून गेला; चारही वेळा या हिरवळीत पाटी लागली ती त्याला पाडायला निघालेल्या माणसाची. विकमबाईंच्या दारात हत्ती दिसेल त्या दिवशी गाई उडतील, असं गाव म्हणायचं. त्या सकाळी समोरचा न्हावी दुकानाबाहेर येऊन दोनदा आभाळाकडे बघून गेला म्हणतात.

स्वयंपाकघरात टेबलावर कॉफीचे दोन उष्टे कप होते.

"गव्हर्नर येऊन गेला," आई म्हणाली. "सफरचंदाचा अर्धा केक संपवला मेल्याने."

गव्हर्नर गाढववाला. त्याचं येणंजाणं नेहमीचंच. हार्लनने तिकडे लक्ष दिलं नाही.

"आई, ती पाटी..."

"का, रंग नाही आवडला?"

"तू मला मत देणार?"

"मी देणार, आणि शेजारणींनाही ओढत नेणार. या वेळी तू निवडून यायलाच हवास. पी, गार होतेय."

हार्लनला काही उमगेना. अख्ख्या राज्याने त्याला मतं दिली होती, हे एक घर सोडून. उरलेला केक त्याने मान खाली घालून खाल्ला, म्हणजे डोळे दिसायला नकोत.

बाहेर गाडीत त्याचा सल्लागार ड्वेन नखं खात बसला होता.

"साहेब, जरा सबुरीने घ्या," तो म्हणाला. "सिनेटच्या शंभरांत आपले एक्कावन्न राहतील असं दिसतंय. पण त्यातले दोन म्हणजे तुम्ही आणि आपले अध्यक्षपदाचे उमेदवार. निवडून आलात की दोन्ही खुर्च्या रिकाम्या. त्यांवर कुणाला बसवायचं ते आपापल्या राज्याचा गव्हर्नर ठरवणार, आणि दोघंही गव्हर्नर गाढववाले. उरलो एकोणपन्नास."

"म्हणजे जिंकलो तर हरलो?"

"सिनेटमध्ये, हो. आणि हरलात तर सिनेट आपलं."

"मग मी देवाकडे मागू तरी काय?"

ड्वेनने टोपी काढून डोकं खाजवलं. "मी म्हणतो, शेवटचा आठवडा घसा बसला म्हणून घरी पडून राहा. पुढचं नशीब."

हार्लनने मागे वळून पाहिलं. वाऱ्याने कलंडलेली पाटी आई हातोडीने नीट ठोकत होती.

"सभा दुप्पट कर," तो म्हणाला.

तो निवडून आला. जानेवारीत उपाध्यक्ष म्हणून सिनेटच्या सभापतीच्या उंच खुर्चीवर बसला, तेव्हा त्याच्याच पक्षाच्या लोकांना समजेना, अभिनंदन करायचं की सांत्वन. त्याचं त्यालाही समजत नव्हतं. पण आईचं मत पदरात पडलं होतं, आणि त्या उबेत तो खुशाल बसला होता.

रिकाम्या जागांवर पाठवलेल्या दोघांना शपथेसाठी बोलावलं गेलं. पहिला एक पडेल चेहऱ्याचा वकील होता. हार्लनच्या जागेवर कोण, हे मात्र त्या केकखाऊ गव्हर्नरने शेवटपर्यंत गुलदस्त्यात ठेवलं होतं.

मधल्या वाटेने, चर्चला घालायचा निळा कोट घालून, पर्स छातीशी धरून वर्नाबाई चालत आल्या. त्याच्यासमोर थांबल्या. उजवा हात वर केला.

"आई," ओठ न हलवता हार्लन पुटपुटला, "ती पाटी मनापासून होती ना?"

"अगदी मनापासून, बाळा. तू पडला असतास तर मी इथे कशी आले असते?"